एक आज्ञा, चार फायली

वेबसाइटचं पान आज सलग लिहिलं जात नाही. वरची पट्टी, शोधाची चौकट, वस्तूचं कार्ड असे सुटे कंपोनंट तयार करून ते जोडलं जातं. गूगलच्या अँग्युलर या फ्रेमवर्कमध्ये अशा एका कंपोनंटला साधारणपणे चार फायली असतात: वागणुकीची टाइपस्क्रिप्ट, मांडणीची एचटीएमएल, रूपाची सीएसएस आणि चाचणीची एक. त्या हातानं करताना फायलीच्या नावात एक अक्षर चुकलं, तरी जोडणी तुटते.

म्हणून टर्मिनल उघडायचं आणि अँग्युलरची आज्ञा टाइप करायची: एनजी जनरेट कंपोनंट, पुढे हवं ते नाव. एंटर दाबताच फोल्डर आणि चारही फायली हजर, तेही एकमेकींशी नीट जोडलेल्या. सरावलेले लोक नुसतं एनजी जी सी लिहितात.

मला यातला सगळ्यात मोलाचा वाटतो तो ड्राय-रन हा पर्याय. तो आज्ञेच्या शेवटी जोडला, की कुठे कोणती फाइल तयार होईल एवढंच दाखवलं जातं. डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही. भलत्याच फोल्डरमधून दिलेली आज्ञा तिथंच लक्षात येते. शिकणाऱ्यांनी तो जरूर वापरावा.

आवृत्तीनुसार फरक मात्र पडतो. २०२३ मधल्या सतराव्या आवृत्तीपासून नवा कंपोनंट मॉड्यूल नावाच्या गटात नोंदवावा लागत नाही. २०२५ मधल्या विसाव्या आवृत्तीपासून फायलीच्या नावात कंपोनंट हा शब्दही आपोआप येत नाही. जुन्या पुस्तकावरून शिकताना नावं वेगळी दिसली, तर गोंधळू नका. आधी एनजी व्हर्जन लिहून आपली आवृत्ती पाहा.