खडकवासल्याची वाट आणि वऱ्हाडांतील विद्यार्थी

अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या एखाद्या सुशिक्षित घरांत दहावीचा निकाल लागला, कीं मुलाच्या भवितव्याची चर्चा सुरू होते. वैद्यक कीं अभियांत्रिकी, नागपूर कीं पुणें, हे प्रश्न सकाळच्या चहाबरोबर निघतात आणि रात्रीच्या जेवणापर्यंत पुरतात. या चर्चेंत सैन्याचें नांव निघालेंच, तर बहुधा तें मुलगाच काढतो. आणि आई स्वयंपाकघरांतून व वडील वर्तमानपत्राआडून तें हळूच बाजूला सारतात. आईबापांच्या काळजास हें साजेसेंच आहे. मात्र बाजूला सारलेला हा विषय दोन वर्षांनीं पुन्हा काढूं म्हटलें, तर तोंवर दार लागलेलें असण्याचा संभव फार.

हें दार पुण्याजवळ खडकवासल्याच्या जलाशयाकाठीं असलेल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचें. तेथील शिक्षणाच्या आरंभीं उमेदवाराचें वय साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षें असावें लागतें. तो अविवाहित असावा आणि बारावी उत्तीर्ण झालेला अथवा बारावींत शिकत असलेला असावा. परीक्षा संघ लोकसेवा आयोग वर्षांतून दोनदा घेतो. तेव्हां अवघ्या तीन वर्षांचा हा अवधि, आणि त्याची मोजणी होते ती शाळांत प्रमाणपत्रावरील जन्मतारखेनें. आपल्याकडे जुन्या दाखल्यांत १ जून या तारखेस जन्मलेली माणसें किती आढळतात, हें कोणत्याहि शिक्षकास विचारावें! शाळेंत लवकर नांव घालतां यावें म्हणून मुलाचें वय चार-सहा महिन्यांनीं वाढवून सांगणारे पालक त्याची एखादी संधि कायमची बुडवून बसतात. कारण आयोग प्रमाणपत्रावरील तारखेशिवाय दुसरी तारीख मानीत नाहीं.

दुसरी अडचण अकरावीच्या प्रवेशाची. नौदल व हवाईदल या शाखांसाठीं बारावीस भौतिक, रसायन व गणित हे तिन्ही विषय लागतात. भूदलास कोणतीहि शाखा चालते. हें ऐकून कला शाखेचा विद्यार्थी निर्धास्त होतो आणि फसतो. लेखी परीक्षा ९०० गुणांची. पैकीं ३०० गुण गणिताचे, आणि ते भूदलाच्या उमेदवारासहि चुकत नाहींत. अडीच तासांत १२० प्रश्न सोडवावयाचे. उत्तर चुकल्यास त्या प्रश्नाच्या एकतृतीयांश गुणांची वजावट. उरलेल्या ६०० पैकीं २०० इंग्रजीचे, आणि ४०० मध्यें विज्ञान, इतिहास, भूगोल व चालू घडामोडी. प्रश्नपत्रिका हिंदी व इंग्रजींत असते, मराठींत नाहीं. दहावीनंतर ज्यानें गणिताशीं काडीमोड घेतला, त्यास अर्ज करण्याचा अधिकार राहतो. उत्तीर्ण होण्याचा मार्ग मात्र जवळजवळ उरत नाहीं.

पूर्वीं अडचण निराळ्या जातीची होती. १९१८ पासून हिंदी तरुणांस इंग्लंडांतील सँडहर्स्ट येथें वर्षास अवघ्या १० जागा मिळूं लागल्या, आणि त्यांचा लाभ घेण्यास घराणें आणि पैसा दोन्ही लागत. १९२२ त देहराडून येथें या शिक्षणाची पूर्वतयारी करून घेणारी शाळा निघाली. हिंदी अधिकारी हिंदुस्थानांतच तयार व्हावेत, असा आग्रह धरणारांत नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे अग्रेसर होते. १ ऑक्टोबर १९३२ रोजीं ४० छात्रांनिशीं देहराडूनची प्रबोधिनी उघडली, आणि १९३७ त मुंजे यांची भोंसला सैनिकी शाळा नाशिकास सुरू झाली. शरीर कमावण्याची हौस वऱ्हाडास कधींच कमी नव्हती. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचें. तालमींतून सेनाधिकाऱ्याच्या पदापर्यंत नेणारा रस्ता तेवढा सामान्य घरांतील मुलास मोकळा नव्हता. तिन्ही दलांच्या छात्रांचें एकत्र शिक्षण १९४९ त देहराडून येथें सुरू झालें व जानेवारी १९५५ त खडकवासल्यास स्थिरावलें. आज घराणें कोणी विचारीत नाहीं. परीक्षेचें शुल्क शंभर रुपये. अनुसूचित जाति-जमातींच्या उमेदवारांस व मुलींस तेंहि माफ आहे.

मुलींचा उल्लेख येथें मुद्दाम केला आहे. ऑगस्ट १९२१ नव्हे, ऑगस्ट २०२१ पर्यंत त्यांस या परीक्षेस बसतांच येत नसे! सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें तें दार उघडलें. १७ मुलींची पहिली तुकडी ३० मे २०२५ रोजीं शिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. तरीहि घरांतील चर्चेंत सैन्याचा प्रश्न अजून मुलापुरताच निघतो, हें नवल आहे.

लेखी परीक्षेंत निभावलेल्या उमेदवारास सेवा निवड मंडळापुढें जावें लागतें. भोपाळ, प्रयागराज, बेंगळुरू अशा ठिकाणीं हीं मंडळें बसतात, आणि त्यांचेहि गुण ९०० च. पहिल्याच दिवशीं चाळणी होते. तींतून गळलेला त्याच दिवशीं परतीच्या गाडीस लागतो. उरलेल्यांची परीक्षा पुढें चार दिवस चालते. एक चित्र क्षणभर दाखवितात आणि त्यावर गोष्ट लिहावयास सांगतात. अशीं अकरा चित्रें झालीं, कीं बारावें कोरें असतें. एकामागून एक साठ शब्द पंधरा-पंधरा सेकंदांच्या अंतरानें येतात, आणि प्रत्येकावर मनांत येईल तें वाक्य लिहावयाचें. मग मैदानांत फळ्या, दोर व पिंपें देऊन आठ-दहा अनोळखी मुलांनीं मिळून अडथळा ओलांडावयाचा. शेवटीं साऱ्या परीक्षकांसमोर थोडा वेळ बसावयाचें.

शिकवणीच्या वर्गांत या गोष्टी पाठ करून घेतात. पाठ केलेली शूराची कथा परीक्षकांनीं शेकडों वेळां वाचलेली असते. त्यापेक्षां ज्यानें घरच्या शेतांत पाण्याची पाळी सांभाळली, गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब चोख ठेवला, किंवा सामना हरल्यावर भांडणारे सोबती शांत केले, त्याच्यापाशीं सांगण्यासारखें स्वतःचें कांहीं असतें. वऱ्हाडी मुलगा अडतो तो बहुधा बोलतांना. चार परक्या मुलांत इंग्रजी वाक्य चुकेल या धास्तीनें तो गप्प बसतो, आणि मैदानांत तर परीक्षकांस त्याची सूचना ऐकावयाची असते. ही भीड पांच दिवसांत मोडत नाहीं. आठवी-नववीपासून शाळेच्या सभांतून व खेळांतून ती मोडावी लागते.

तयारीसाठीं राज्य शासनाची एक संस्था छत्रपति संभाजीनगर येथें १९७७ पासून आहे. तेथें दहावीनंतर निवडक मुलांस घेऊन दोन वर्षें शिकवितात. मुलींसाठीं तशीच संस्था २०२३ त नाशिकास निघाली. त्यांची प्रवेशपरीक्षा दहावींत असतांनाच द्यावी लागते. बारावींत चौकशी करणारास तिचा उपयोग नाहीं. साताऱ्याची सैनिकी शाळा १९६१ ची, चंद्रपूरची २०१९ ची. तेथील प्रवेश सहावी व नववीस.

आतां पालकांच्या सहीविषयीं. तीन वर्षांच्या शिक्षणाचा खर्च सरकार करतें, आणि पदवी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची मिळते. परंतु छात्रानें आपल्या इच्छेनें शिक्षण मध्येंच सोडलें, तर झालेला खर्च भरून देण्याची हमी पालकांनीं लिहून दिलेली असते. त्याहून गंभीर गोष्ट दुखापतीची. शिक्षण चालू असतां अपंगत्व येऊन घरीं परतलेल्या छात्रांस माजी सैनिक म्हणून मानीत नसत. ऑगस्ट २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें आपण होऊन याची दखल घेतली, आणि त्यानंतर अशा छात्रांस माजी सैनिकांच्या आरोग्ययोजनेंत घेण्याचा निर्णय झाला. मुलाच्या उत्साहास विरजण घालण्यासाठीं हें सांगावें असें नाहीं. पण ज्या आईस तो स्वयंपाकघरांत गप्प करूं पाहतो, तिनें हें विचारलें तर त्यास उत्तर देतां आलें पाहिजे.

एप्रिलच्या परीक्षेची जाहिरात डिसेंबरच्या सुमारास निघते, सप्टेंबरच्या परीक्षेची मेअखेरीस. अर्ज भरण्यास सुमारें तीन आठवडे मिळतात, आणि वऱ्हाडांतील बहुतेकांस परीक्षाकेंद्र म्हणून नागपूर सोयीचें पडतें. अर्जापूर्वीं एखाद्या चांगल्या डॉक्टरकडून डोळे, रंग ओळखण्याची दृष्टि, दांत, कान व गुडघे तपासून घ्यावेत. एवढ्यावरून निवडीनंतर परत पाठविले गेलेले उमेदवार थोडे नाहींत.