हुफूफचं पाणी, पांझरेचे फड

सौदी अरेबियातल्या हुफूफभोवती अल-अहसाचं मरूद्यान पसरलंय. तिथं खजुराची सुमारे 25 लाख झाडं आहेत! 2018 मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. इथल्या झऱ्यांचं पाणी बागांना पिढीजात हक्कानं मिळे. वरच्या बागेतून निथळलेलं पाणी खालच्या बागेला जाई.

पुढे 1971 मध्ये काँक्रीटच्या पाटांचा सरकारी प्रकल्प पूर्ण झाला.

धुळे-नाशिककडच्या श्रोत्यांना तिथल्या जुन्या पाणीवाटपावरून आपली फड पद्धत आठवेल; फड म्हणजे शेतांचा गट. पांझरा, मोसम नद्यांच्या काठी पाटकरी पाणी देई, जागल्या पीक राखी. पाण्याची भांडणं गावचे पंच मिटवत. टंचाईत कोणते फड कोरडे ठेवायचे, हेही शेतकरीच ठरवत. किती शहाणी रचना! एकेकाची जमीन अनेक फडांत विभागलेली असल्यानं झळ साऱ्यांनाच सोसावी लागे.