पुसली जाणारी चित्रं आणि रात्रीची मजुरी



दिवाळी तोंडावर आली आहे, म्हणून आज रांगोळीविषयी बोलणार आहे. पण उंबऱ्यासमोरच्या ठिपक्यांच्या रांगोळीविषयी नाही. वसईहून दिव्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर जूचंद्र नावाचं स्थानक लागतं. नायगाव पूर्वेचं हे गाव. टेकडीवर चंडिकादेवीचं देऊळ, आजूबाजूला भातशेती आणि मिठागरं, मूळ वस्ती बरीचशी आगरी. आता तिथे इमारतींची गर्दी झाली आहे, पण महाराष्ट्रभर या गावाची ओळख आहे ती रांगोळीकारांचं गाव म्हणून. दिवाळीत गावातल्या शाळेच्या खोल्यांत रांगोळ्यांचं प्रदर्शन भरतं. एरवी जिथे पाढे म्हटले जातात, त्या फरशीवर माणसांचे चेहरे उमटतात. लोक ओळीने येतात, दोरीपलीकडून वाकून बघतात.

ही कला किती कष्टाची आहे ते बघणाऱ्याला चटकन कळत नाही. रंग वस्त्रगाळ करून घ्यायचा, चिमटीत धरायचा आणि बोटं किंचित सैल करत सोडायचा. म्हाताऱ्याच्या गालावरची एक सुरकुती दाखवायला तीन-चार छटा एकमेकींत मिसळाव्या लागतात. खिडक्या बंद, पंखा बंद, कारण वाऱ्याची एक झुळूक सगळं काम उडवून लावते. कपाळावरचा घामसुद्धा टिपून घ्यावा लागतो, थेंब पडला की डाग. अशा कोंदट खोलीत तासन्‌तास ओणवं बसायचं, बऱ्याचदा दिवसाची नोकरी आटोपून आल्यावर, रात्री.

या प्रदर्शनांत देवदेवता असतात, नट-नट्या असतात, राष्ट्रपुरुष असतात. पण त्यांच्याच शेजारी कर्जाने पिचलेला शेतकरी असतो, भेगाळलेली जमीन असते, डोक्यावर हंडा घेतलेली बाई असते. मला विशेष वाटतं ते या चित्रांचं. सणाच्या दिवशी, शाळेसारख्या सगळ्या गावाच्या मालकीच्या जागेत, नवे कपडे घालून आलेल्या माणसांच्या पायाशी टंचाईचं चित्र मांडायचं, याला धाडस लागतं. कलादालनात असं चित्र लावलं तर ते बघायला ठराविक लोक येतात. शाळेत सगळेच येतात, सावकारही येतो आणि कर्जदारही.

असाच एक प्रयोग 2008 साली न्यूयॉर्कमध्ये झाला होता. त्या सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि जगभर मंदीची लाट पसरली. 29 ऑक्टोबरला लिगोरानो आणि रीस या कलावंत जोडीने फोली चौकात, न्यायालयाच्या जुन्या खांबांच्या इमारतीसमोर, बर्फाची मोठमोठी अक्षरं उभी केली. शब्द एकच होता, इकॉनॉमी. तारीखही मुद्दाम निवडलेली. 1929 साली त्याच तारखेला तिथला शेअर बाजार कोसळला होता. अक्षरं तिथेच ठेवली आणि वितळू दिली. दिवसभरात अर्थव्यवस्थेचं पाणी झालं. कल्पना चतुर आहे, हे मान्य. पण जूचंद्रच्या माणसाला तिचं फार नवल वाटणार नाही. मिठागरात महिनोन्‌महिने राबून गोळा केलेलं मीठ अवकाळी पावसाच्या एका सरीत विरघळून जातं, हे या पट्ट्यातल्या आज्या-आजोबांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यांच्या नातवंडांनी पुसली जाणारी कला हातात घेतली, हा योगायोग असेलही. मला तो सुखावतो एवढंच.

पण बर्फाबद्दल किंवा रांगोळीबद्दल बोलताना आपण एक प्रश्न विसरतो. हलाखीचं चित्र काढणाऱ्याच्या हलाखीचं काय?

या प्रश्नाचं एक उत्तर अमेरिकेने 1933 साली दिलं होतं. महामंदीत लाखो लोक बेकार झाले होते, त्यांत चित्रकारही होते. जॉर्ज बिडल नावाच्या चित्रकाराने आपला वर्गमित्र असलेल्या राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना पत्र लिहिलं. मेक्सिकोच्या सरकारने तरुण चित्रकारांना नळकाम करणाऱ्याच्या मजुरीवर सरकारी इमारतींच्या भिंती रंगवायला दिल्या आणि त्यातून मोठी कला उभी राहिली, असं त्याने कळवलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सरकारी योजना सुरू झाली. सुमारे 3,700 कलावंतांना आठवड्याचा पगार मिळू लागला. सॅन फ्रान्सिस्कोच्या टेकडीवर कॉइट टॉवर नावाचा मनोरा तेव्हा नुकताच बांधून झाला होता. त्याच्या आतल्या भिंती 1934 मध्ये पंचवीसेक कलावंतांनी रंगवल्या. एका भित्तिचित्रात भर रस्त्यात माणसाला लुटताहेत. दुसऱ्यात ग्रंथालयातला एक वाचक मार्क्सच्या ग्रंथाकडे हात पुढे करतो आहे. त्याच उन्हाळ्यात बंदरातल्या कामगारांचा मोठा संप पेटला आणि अधिकाऱ्यांना ही चित्रं भलतीच झोंबू लागली. मनोऱ्याला कुलूप लागलं. एका चित्रकाराने काढलेला विळा-हातोडा काढून टाकला गेला. ऑक्टोबरात दारं उघडली, आणि बाकीची चित्रं आजही तिथेच आहेत. सरकारचा पगार घेतला की कलावंत गप्प बसतो, असं म्हणणाऱ्यांनी त्या भिंती बघाव्यात.

आपल्याकडेही बंगालच्या दुष्काळावर अण्णाभाऊ साठ्यांनी पोवाडा रचला, मुंबईच्या कामगारवस्त्यांनी तो ऐकला. दुःखाला आवाज द्यायला आपले कलावंत कधी मागे राहिले नाहीत. त्यांना मजुरी द्यायला मात्र आपण कायम मागे. "काय सुंदर काढलंय!" एवढं म्हटलं की आपलं कर्तव्य संपलं असं आपल्याला वाटतं. रांगोळी तर चार दिवसांत झाडून टाकायची असते, विकायला काहीच उरत नाही. चित्रकार निदान कॅनव्हास विकतो. रांगोळीकाराकडे मोबाइलवरचा फोटो राहतो, तोही दुसऱ्याने काढलेला.

जूचंद्र ज्या हद्दीत येतं ती वसई-विरार महापालिका 2009 साली स्थापन झाली. तिच्याकडे कार्यालयं आहेत, सभागृहं आहेत. निवडणुकीच्या जनजागृतीसाठी किंवा स्वच्छता मोहिमेसाठी रांगोळी काढून घ्यायची पद्धत महाराष्ट्रात सगळीकडे आहे. बदल्यात प्रशस्तिपत्र आणि पुष्पगुच्छ. माझं मत विचाराल तर पुष्पगुच्छ बंद करावा आणि गवंड्याला जशी दिवसाची मजुरी देतात तशी रांगोळीकाराला रात्रीची द्यावी. विषय त्याचा त्याला निवडू द्यावा. कदाचित तो पालिकेच्या दारातच नळाला पाणी नसल्याचं चित्र काढील. काढू द्यावं.

आणि आपण श्रोत्यांनी काय करायचं? या दिवाळीत पश्चिम रेल्वेने नायगावला उतरा, पूर्वेला बाहेर पडा आणि जूचंद्रला जा. मुलांना बरोबर न्या, त्यांना दोरीच्या अलीकडे उभं राहायला सांगा, उकडलं तरी कुणाला पंखा लावायला सांगू नका. आणि प्रदर्शनासाठी वर्गणी देताना रंगाचा खर्च मोजू नका, रात्रीची मजुरी मोजा.