एका माणसाला तरी सांगा



मी या शाळेत होते तेव्हा आपलं नायगाव बिलोली तालुक्यात होतं. वर्गांवर पत्रे होते, उन्हाळा लागला की दुपारी बसवत नसे. शनिवारी मराठीच्या बाई एक पान लिहायला लावायच्या, आठवडाभरात घरी काय झालं ते. त्याला गुण नसत, आणि ते पान फक्त बाई वाचायच्या. नववीत माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनं लिहिलं, वडील पिऊन येतात, मायला मारतात, मी मधे पडले की मलाही. बाईंनी वर्गात चकार शब्द काढला नाही. रविवारी तिच्या मामाला घेऊन तिच्या घरी गेल्या. ती मामाकडे राहून शिकली.

मुख्याध्यापक सर म्हणाले, वकील आहात, कायद्यावर बोला. तर ऐका. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा फक्त बायकोसाठी नाही, लेकीलाही लागू आहे. अठराच्या आत मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे. मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर फुकट लागतो. पण पोरींनो, तुम्ही तोंड उघडल्याशिवाय यातलं काहीच हलत नाही.

तोंड उघडलेल्या एका पोरीची गोष्ट सांगते. संत बहिणाबाई आपल्याच मराठवाड्यातल्या, वेरूळजवळच्या देवगावच्या. जळगावच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या. सतराव्या शतकात, वयाच्या तिसऱ्या वर्षी संत बहिणाबाईंचं लग्न झालं, नवरा तिशीचा. भाऊबंदकीपायी घर सुटलं, फिरत फिरत सगळे कोल्हापूरला पोचले. तिथं जयरामस्वामींच्या कीर्तनात स्वामींनी या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, गावभर चर्चा झाली आणि नवऱ्यानं तिची मोट बांधून तिला मारलं. वय अकराच्या आसपास. आईबाप जवळच होते. पुढं तिनं तुकोबांना गुरू मानलं. ब्राह्मणाच्या बायकोनं कुणब्याला गुरू करावं, याचा नवऱ्याला आणखी संताप. बहिणाबाईंनी नवरा सोडला नाही, पतिव्रताधर्मावरही अभंग रचले. पण मार लपवला नाही. आत्मचरित्राच्या अभंगांत स्वतः सांगून ठेवला, म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून म्हणते, सांगा. आजीला, मावशीला, बाईंना, कुणा एकाला तरी सांगा. पहिल्यानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. बोलता येत नसेल तर लिहून द्या.

आणि पुढं बसलेल्या मायबापांनो, घरातलं बाहेर सांगू नये हे लेकीला शिकवणं बंद करा. ऊसतोडीला जाताना पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून पंधराव्या वर्षी लग्न उरकलेले आईबाप माझ्यासमोर बसून रडलेत. त्यांची काळजी खरी होती. पण पोरीला कुणीच विचारलेलं नव्हतं. आजूबाजूच्या गावांचे ग्रामसेवक इथं आहेत. बालविवाह थांबवायचा अधिकार गावात तुमच्याकडे आहे साहेब, मांडव पडायच्या आधी पोचत जा.

सर, एक मागणं आहे. १०९८ हा आकडा मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या. देणगीदारांच्या पाटीजवळ नको, मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या भिंतीवर, जिथं उभं राहून वाचलं तरी कुणी हटकणार नाही. रंगाचे पैसे मी आजच ऑफिसात जमा करते.