दिल्लीचा वसंत : विनामूल्य सहलीची किंमत



पंचांगाप्रमाणे वसंत ऋतू चैत्र आणि वैशाख या दोन महिन्यांचा. देशाच्या राजधानीत मात्र हा हिशेब जुळत नाही. दिल्लीतील धुके आणि हिवाळ्यातील दूषित हवा ओसरू लागते ती माघात, वसंत पंचमीच्या आसपास. फाल्गुनी पौर्णिमेला होळी पेटते आणि चैत्र उजाडेपर्यंत दुपारचे ऊन नकोसे होऊ लागते. २०११ च्या जनगणनेनुसार १ कोटी ६८ लाख लोकसंख्या असलेल्या या महानगराला मुलाबाळांसह दिवसभर उघड्यावर बसता येईल असे जेमतेम सहा-आठ आठवडे मिळतात. आठवड्याचे सहा दिवस राबणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने पाहिले तर हा काळ सात-आठ रविवारांचा आहे. अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्यात येणाऱ्या दुर्मिळतेच्या संकल्पनेला याहून सोपे उदाहरण शोधावे लागणार नाही.

या सात-आठ रविवारी दिल्ली घराबाहेर पडते. इंडिया गेटची हिरवळ, लोदी उद्यान, नेहरू पार्क, सुंदर नर्सरी, महरौलीचे पुरातत्त्व उद्यान या ठिकाणी सतरंज्या अंथरल्या जातात, डबे उघडतात, बॅडमिंटनचे फूल झाडात अडकते. शहराच्या सीमेलगत फरीदाबाद येथे १९८७ पासून भरणारा सूरजकुंड हस्तकला मेळा याच दिवसांतला. निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यात वसंत पंचमीच्या सुमारास पिवळी वस्त्रे आणि मोहरीची फुले घेऊन कव्वाल येतात. भाच्याच्या मृत्यूने शोकमग्न झालेल्या गुरूला हसविण्यासाठी अमीर खुसरो पिवळा पोशाख करून आले, या आख्यायिकेशी ही प्रथा जोडलेली आहे. मेळ्याला तिकीट आहे, दर्ग्याला नाही. हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरेल.

दिल्लीतील वसंत-सहलींमध्ये मानाचे स्थान अर्थातच राष्ट्रपती भवनाच्या उद्यानाला आहे. एडविन ल्युटेन्स यांनी रचलेले, सुमारे १५ एकरांवर पसरलेले आणि दीर्घकाळ ‘मुघल उद्यान’ म्हणून ओळखले जाणारे हे उद्यान जानेवारी २०२३ पासून ‘अमृत उद्यान’ झाले. पूर्वी ते जेमतेम महिनाभर खुले असे. आता हा काळ वाढला असून २०२४ मध्ये ते २ फेब्रुवारीपासून ३१ मार्चपर्यंत खुले होते. प्रवेश विनामूल्य आहे. त्यासाठी संकेतस्थळावर आगाऊ वेळ नोंदवावी लागते. तशी नोंदणी न करता येणाऱ्यांसाठी प्रवेशद्वाराजवळ नोंदणी यंत्रे ठेवण्यात आली आणि केंद्रीय सचिवालय मेट्रो स्थानकापासून बसची सोयही झाली. शेतकरी, दिव्यांग व्यक्ती आणि महिला यांच्यासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र दिवस राखून ठेवले गेले. या सर्व तपशिलांतून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रवेशशुल्क शून्य ठेवले म्हणजे वस्तू सर्वांना मिळाली, असे होत नाही. ती मिळावी यासाठी बस, यंत्र आणि राखीव दिवस अशी वेगळी व्यवस्था करावी लागते.

पॉल सॅम्युएलसन यांनी १९५४ मध्ये सार्वजनिक वस्तूंची जी व्याख्या केली, तिच्यात दोन लक्षणे येतात. एकाच्या उपभोगाने दुसऱ्याचा उपभोग कमी होत नाही आणि कोणालाही उपभोगापासून वगळता येत नाही. परीक्षेत उद्यान हे सार्वजनिक वस्तूचे उदाहरण म्हणून सर्रास लिहिले जाते. फेब्रुवारीतल्या रविवारी इंडिया गेटवर बसायला जागा शोधणाऱ्याला मात्र हे उत्तर पटणार नाही. मंगळवारी सकाळी जी हिरवळ सार्वजनिक वस्तू असते, तीच रविवारी दुपारी गर्दीमुळे स्पर्धात्मक वस्तू बनते. तिकीट लावले की ती जेम्स ब्युकॅनन यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘क्लब वस्तू’च्या जवळ जाते. २०१८ मध्ये खुली झालेली सुमारे ९० एकरांची सुंदर नर्सरी या प्रकारात मोडते. शासकीय संस्था आणि आगा खान सांस्कृतिक न्यास यांच्या भागीदारीतून तिचा कायापालट झाला. तिकिटामुळे तेथील देखभाल, स्वच्छता आणि शौचालये उत्तम आहेत, हे मान्य करावे लागते. त्याचबरोबर थोड्याच अंतरावरील विनामूल्य लोदी उद्यानही नीटनेटके आहे, हेही नोंदवले पाहिजे. तिकीट हा चांगल्या देखभालीचा एकमेव मार्ग नव्हे; नवी दिल्ली नगरपालिका परिषदेसारखी सधन संस्था पाठीशी असणे हा दुसरा मार्ग आहे. अडचण एवढीच की, दिल्लीच्या बहुतांश नागरिकांच्या पाठीशी अशी संस्था नाही.

आता विनामूल्य सहलीच्या खऱ्या किमतीकडे वळू या. हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९४७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेला लिहिलेल्या एका पत्रात एक साधी युक्ती सुचविली. उद्यानाला बाजारभाव नसला तरी तेथे पोहोचण्यासाठी लोक पैसा आणि वेळ खर्च करतात. जो दूरून येतो त्याला सहल महाग पडते आणि म्हणून तो कमी वेळा येतो. अंतर आणि भेटींची संख्या यांच्या या संबंधावरून उद्यानाचा मागणी वक्र काढता येतो. हीच पुढे ‘प्रवासखर्च पद्धती’ म्हणून पर्यावरणीय अर्थशास्त्रात रूढ झाली.

दक्षिण दिल्लीच्या टोकाला असलेल्या संगम विहारसारख्या दाट अनधिकृत वसाहतीतील पाच माणसांचे एक कुटुंब या पद्धतीने डोळ्यांसमोर आणावे. आई-वडील, आजी आणि दोन मुले. गल्लीतून मुख्य रस्त्यापर्यंत ई-रिक्षा, तेथून बस, कदाचित मेट्रो आणि परत येताना थकलेल्या आजीसाठी ऑटो. रविवारी मेट्रोचे भाडे इतर दिवसांपेक्षा कमी असते, ही जमेची बाजू; परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये ते एकंदरीत वाढले आणि पाच माणसांची जा-ये म्हटली की लहान वाढही पाचाने आणि दोनाने गुणली जाते. दिल्ली सरकारने २९ ऑक्टोबर २०१९ पासून महिलांना बसप्रवास विनामूल्य केला. त्या निर्णयाची चर्चा रोजगार आणि सुरक्षिततेच्या अंगाने झाली. कुटुंबाच्या सहलीचा निम्म्याहून अधिक प्रवासखर्च त्यामुळे वाचू शकतो, हा त्याचा परिणाम मात्र फारसा मोजला गेला नाही.

प्रवासखर्च पद्धतीतील एक उणीव येथे ध्यानात घ्यावी. ती केवळ आलेल्यांना मोजते. जे कुटुंब खर्चाचा हिशेब करून घरीच राहिले, ते उद्यानाच्या दारावरील सर्वेक्षणात कोठेच दिसत नाही. शिवाय या पद्धतीत वेळेचे मूल्य बहुधा मजुरीच्या प्रमाणात धरले जाते. त्यामुळे सल्लागाराचा एक तास महाग आणि गवंड्याचा एक तास स्वस्त ठरतो. गणित चुकीचे नसते, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष श्रीमंत वस्तीजवळच्या उद्यानालाच अधिक मौल्यवान ठरवतो. धोरणकर्त्याने असे आकडे वापरताना सावध असले पाहिजे.

वेळेचा प्रश्न घराच्या आतही आहे. गॅरी बेकर यांच्या १९६५ मधील वेळवाटपाच्या सिद्धान्तानुसार कुटुंब हे एक उत्पादन केंद्र असते. वस्तू आणि वेळ यांच्या संयोगातून ते समाधान निर्माण करते. सहल हे असेच एक उत्पादन आहे. ते कोण तयार करते? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकामात सहभागी असलेल्या सहा वर्षांवरील स्त्रिया त्या कामासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर पुरुष ८८ मिनिटे. २०१९ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत दोन्ही आकडे थोडे उतरले. दरी होती तेवढीच राहिली. रविवारच्या सहलीची पुरी-भाजी पहाटे पाच वाजता करावी लागते, परत आल्यावर डबे घासावे लागतात. मुलांसाठी जो दिवस विरंगुळ्याचा, तो आईसाठी कामाचा, फक्त जागा बदललेली. हिरवळीच्या कडेला मिळणारी भेळपुरी, भाजलेली शकरकंदी किंवा छोले-कुल्चे यांचे महत्त्व या संदर्भात लक्षात येते. विकतचे खाणे म्हणजे उधळपट्टी, असे म्हणणाऱ्यांनी पहाटेचे ते दोन तास हिशेबात धरावेत.

ज्याच्याकडून हे खाणे घेतले जाते त्या विक्रेत्याचाही हा सुगीचा काळ. पथ विक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ मध्ये ‘नैसर्गिक बाजारपेठ’ ही संकल्पना आहे. जेथे ग्राहक आणि विक्रेते परंपरेने एकत्र येतात, अशा जागांना हा कायदा मान्यता देतो. नगर पथविक्री समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांतील एक-तृतीयांश महिला असाव्यात, अशी तरतूदही त्यात आहे. इंडिया गेटचा परिसर ही दिल्लीची बहुधा सर्वांत प्रसिद्ध नैसर्गिक बाजारपेठ म्हणता येईल. सेंट्रल व्हिस्टाच्या पुनर्विकासकाळात हा परिसर दीर्घकाळ बंद होता. ८ सप्टेंबर २०२२ रोजी कर्तव्य पथाचे उद्घाटन झाल्यानंतर तेथे विक्रीसाठी स्वतंत्र क्षेत्रे आखण्यात आली. पायवाटा सुधारल्या, शौचालये झाली, हे निर्विवाद. मात्र फुगे, साबणाचे बुडबुडे किंवा चहाची किटली घेऊन माणसांमधून फिरणाऱ्याला आखलेले क्षेत्र पुरत नाही. त्याचा धंदाच फिरण्याचा आहे. नियोजनाच्या नकाशात स्थिर गाळा दाखविता येतो, फिरता माणूस दाखविता येत नाही.

उद्यानांची घटनात्मक बाजू परीक्षार्थींना परिचित असेलच. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेल्या बाराव्या अनुसूचीतील बाराव्या नोंदीत उद्याने, बागा व क्रीडांगणे यांची तरतूद हा नागरी संस्थांचा विषय म्हणून नमूद आहे. शाश्वत विकासाच्या अकराव्या ध्येयातील सातवे लक्ष्य २०३० पर्यंत सर्वांना, विशेषतः महिला, मुले, वृद्ध आणि दिव्यांग यांना, सुरक्षित हरित जागा उपलब्ध करण्याचे आहे. नगरनियोजनाच्या २०१४ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी दरडोई १० ते १२ चौरस मीटर खुल्या जागेची शिफारस केली आहे. बंगळूरच्या एका वसाहतीत उद्यानासाठी राखीव असलेली जागा खासगी शुश्रूषागृहाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बंगळूर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा या प्रकरणात अवैध ठरविला. रुग्णसेवाही लोकोपयोगीच आहे, हा युक्तिवाद तेथे टिकला नाही.

दरडोई सरासरीचा आकडा मात्र फसवा असू शकतो. दिल्लीत रिजचे जंगल आहे, यमुनेचे पूरक्षेत्र आहे, जैवविविधता उद्याने आहेत, महानगरपालिकेची सुमारे १५ हजार लहान-मोठी उद्याने आहेत. ही सारी हिरवाई लोकसंख्येने भागली की समाधानकारक उत्तर मिळते. परंतु अनधिकृत वसाहतीत उद्यानासाठी जागा मुळात सोडलेलीच नसते आणि जेथे ती सोडलेली आहे अशा काही सुखवस्तू वसाहतींत उद्यानाच्या फाटकाला ठरावीक वेळी कुलूप लागते, चेंडू खेळण्यास मनाईचा फलक झळकतो. मालकी महानगरपालिकेची, कुलूप रहिवासी संघटनेचे! ब्युकॅनन यांचा क्लब येथे तिकिटाशिवाय उभा राहतो.

रस्ते काही तास मोटारींसाठी बंद करून लोकांना खेळायला देण्याचा ‘राहगिरी’ हा उपक्रम नोव्हेंबर २०१३ मध्ये गुरुग्राम येथे आणि जुलै २०१४ मध्ये कॅनॉट प्लेस येथे सुरू झाला, तो याच टंचाईवरील एक उत्तर म्हणून. कोलंबियातील बोगोटा शहरात अशी प्रथा १९७४ पासून आहे. जागा नवी निर्माण करावी लागत नाही, फक्त वेळ बदलून घ्यावी लागते, हे त्याचे बलस्थान.

जवळच्या जागेचे महत्त्व वर्षातून एक दिवस सर्व दिल्लीकरांच्या प्रत्ययाला येते. रंगांच्या होळीच्या दिवशी मेट्रो दुपारी अडीचपर्यंत धावत नाही आणि अमृत उद्यानही बंद असते. त्या दिवशी कोणीही दूर जात नाही. जे काही व्हायचे ते गल्लीत, गच्चीवर किंवा वसाहतीच्या उद्यानात होते. ज्या वस्तीत उद्यान नाही तेथे रंग रस्त्यावर खेळला जातो, वाहनांमधून वाट काढत. शांतिपथावर नेदरलँड्समधील कंदांपासून फुलणारे ट्यूलिप फेब्रुवारीत दोन-तीन आठवडे डोळ्यांचे पारणे फेडतात आणि त्यावरील खर्चाला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र त्याच महानगरातील एखाद्या वस्तीत झोपाळा, नळ आणि महिलांसाठी स्वच्छ शौचालय यांवर केलेल्या खर्चाचा उपभोग वर्षातील बावन्न रविवार होतो. अंदाजपत्रकात अग्रक्रम कशाला द्यावा, याचे उत्तर सीमान्त उपयोगितेचे तत्त्व पुरेसे स्पष्टपणे देते.

या साऱ्यात आणखी एक बदल होऊ घातला आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या नोंदींनुसार मार्च २०२२ हा १९०१ पासूनचा देशातील सर्वाधिक उष्ण मार्च ठरला, तर फेब्रुवारी २०२३ मध्ये कमाल तापमानाच्या सरासरीने त्या महिन्याचा तेवढ्याच काळातील उच्चांक गाठला. सात-आठ रविवारांतून एक जरी रविवार उन्हाने हिरावला, तरी ज्याला डोंगरात जाऊन थंडावा विकत घेता येत नाही त्याचा वर्षाचा विरंगुळा लक्षणीय प्रमाणात घटतो. मार्चमध्ये दुपारची सहल आताच संध्याकाळकडे सरकू लागली आहे. इंडिया गेटवर सूर्यास्तानंतर गर्दी वाढते, आइस्क्रीमच्या गाड्यांपुढे रांगा लागतात, मुले दिव्यांच्या उजेडात धावत असतात. रात्री नऊ वाजता संगम विहारकडे जाणाऱ्या बसच्या थांब्यावर सतरंजीची गुंडाळी, रिकामा डबा आणि झोपलेले मूल खांद्यावर घेतलेली कुटुंबे उभी असतात. ती बस किती मिनिटांनी येते, याची नोंद उद्यान विभागाकडे ठेवली जात नाही आणि परिवहन विभागाच्या लेखी ते सहलीचे प्रवासी नसतात.