ऑनिंग कशाला धरून असते?



काल याच व्यासपीठावर संतसाहित्यावर व्याख्यान झाले, उद्या अर्थसंकल्पावर आहे, आणि मधल्या दिवशी मी मोटरहोमच्या भिंतीला कापडी छत कसे बसवावे हे सांगायला उभा आहे. संयोजकांचे धाडस मानले पाहिजे. तुम्ही आलात त्याअर्थी तुमचेही.

विषय मुळात युरोपातला आहे. तिकडे फियाट डुकाटोसारख्या व्हॅनच्या सांगाड्यावर एक खोली बांधतात. आत पलंग, ओटा, मोरी, सगळे. गाडी थांबली की दाराच्या बाजूच्या भिंतीवर, छताजवळ बसवलेल्या लांब पेटीतून हँडल फिरवून कापड बाहेर काढायचे. खाली टेबल-खुर्च्या मांडल्या की घराला अंगण मिळते. त्याला म्हणायचे ऑनिंग. विलायतेत राहणारी आपली मुले-नातवंडे सुट्टीत अशा गाड्या भाड्याने घेतात. पुष्कळदा स्कॉटलंडला जातात. इन्व्हरनेसहून निघून उत्तर किनाऱ्याला वळसा घालत पुन्हा इन्व्हरनेसला यायचे, असा सुमारे ८३० किलोमीटरचा ‘नॉर्थ कोस्ट ५००’ हा मार्ग २०१५ पासून त्या नावाने ओळखला जातो. रस्ता देखणा आहे. पण त्या किनाऱ्यावर अटलांटिकवरून येणाऱ्या वाऱ्याला अडवायला मध्ये फारसे काही नाही, झाडेसुद्धा फार नाहीत. ऑनिंगची परीक्षा घ्यायला इतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही.

आता थोडे गणित. घाबरू नका, शाळेतलेच आहे. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३६ किलोमीटर वारा असेल तर एका चौरस मीटरवर साधारण ६ किलो. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ झाला, की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो: २५ किलो. ऑनिंग चार मीटर लांब आणि अडीच मीटर बाहेर आलेली धरा, म्हणजे दहा चौरस मीटर. पहिल्या वाऱ्यात तिच्यावर ६० किलोचा भार, दुसऱ्यात अडीचशेचा. हा ढोबळ हिशेब आहे. वारा समोरून येऊन गाडीच्या भिंतीला थटला तर तो कापडाखाली कोंडतो, वरून मात्र सुटा वाहून कापड वर ओढतो, आणि भार यापेक्षाही वाढू शकतो. ऑनिंग वाऱ्याने पडेल अशी भीती लोकांना असते. ती पडत नाही, उडते.

इथे बहुतेक माणसे कापडाकडे आणि ते ताणत बाहेर येणाऱ्या हातांकडे बघतात. कापड जाड आहे का, हात मजबूत आहेत का. ही सारी कारखान्यात विचार करून बनवलेली असतात. दगा देते ती मागची भिंत, आणि का ते बघू.

वाऱ्याने उचललेल्या ६० किलोचा मध्य भिंतीपासून सव्वा मीटरवर असतो. कापडाच्या पुढच्या कडेचे टेकूचे पाय जमिनीला बांधलेले नसतील तर ही सगळी तरफ पेटी धरणाऱ्या, भिंतीवरच्या ब्रॅकेटवर येते. ब्रॅकेटची उंची किती? समजा दहा सेंटिमीटर. सव्वा मीटरला दहा सेंटिमीटरने भागा, साडेबारा आले. म्हणजे साठ किलोचे साडेसातशे झाले, आणि एवढ्या ओढीने ब्रॅकेटची खालची कड भिंतीपासून सुटू पाहते, वरची कड आत रुतते. वारा पडला, पाय जमिनीवर टेकवलेलेच नसले आणि कापडावर पाणी साठले, की बरोबर उलटे: वरची कड सुटू पाहते, खालची रुतते. एक चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा किलो, विसरू नका. झोताझोताने हे वर-खाली चालू राहिले की स्क्रू एका दणक्यात निघत नाही, हळूहळू सैल होत जातो. संध्याकाळी बघितले तर सगळे जागच्या जागी असते.

आणि हा स्क्रू आहे कशात? मोटरहोमची भिंत ही आपल्या क्रीमच्या बिस्किटासारखी असते. बाहेर अ‍ॅल्युमिनियमचा किंवा फायबरचा पातळ पत्रा, आत प्लायवूडचा पातळ थर, आणि मध्ये फोम, थर्मोकोलच्या कुळातला. सगळी मिळून जाडी तीनेक सेंटिमीटर. वजन वाचवायचे, थंडी अडवायची, म्हणून ही रचना. त्या कामाला ती उत्तम आहे. स्क्रू धरून ठेवायला मात्र तिच्यात काहीच नाही. फोम स्क्रूला धरत नाही, आणि मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा पत्रा त्याला नावापुरता धरतो.

म्हणून जाणते कारागीर बोल्ट भिंतीच्या आरपार नेतात. आतल्या बाजूला नटाखाली नुसता वॉशर टाकत नाहीत, तळहाताएवढी किंवा त्याहून मोठी धातूची पट्टी देतात, म्हणजे ओढ एका भोकावर न येता मोठ्या जागेवर पसरते. ही पट्टी वरच्या कपाटांच्या आत लपते. आता अशी पट्टी लावून नट करकचून आवळला तर काय होईल? दोन पत्र्यांमधला फोम चेपेल, भिंतीला खळगा पडेल, खळग्यात पाणी थांबेल, आणि चेपलेल्या फोमवर आवळलेला नट काही दिवसांत आपोआप सैल होईल. यावर उपाय अगदी स्वस्त आहे. बोल्टच्या भोवती भिंतीच्या जाडीइतक्याच लांबीची धातूची नळी घालायची. नट आवळला की भार नळी घेते, फोमला काही कळतही नाही. ही नळी न घालता केलेली कामे मी पुष्कळ पाहिली आहेत. घातलेली कामे बघायला मिळत नाहीत, कारण ती दुरुस्तीला येत नाहीत.

भोक पाडण्याआधी आतून बघायचे: वायर कुठून गेली आहे, दिवा कुठे आहे, गॅसची नळी कुठे आहे. दार उघडल्यावर ऑनिंगच्या पेटीला आपटणार नाही ना, हेही आधीच. भोक पाडल्यावर त्यातला भुसा काढायचा आणि आत, बोल्टला, ब्रॅकेटच्या मागे, सगळीकडे सीलंट भरायचे. स्नानगृहाच्या फरशीला लावतात ते नव्हे, गाड्यांसाठीचे, लवचीक राहणारे. कारण भोकातून वारा आत गेला तर फारसे बिघडत नाही, पाणी गेले तर गाडी गेली. जुन्या गाड्यांच्या भिंतीत लाकडी पट्ट्यांची चौकट असते, आणि ती बाहेरून काहीही न दाखवता आतून कुजते. म्हणून इंग्लंडमध्ये दरवर्षी ओल मोजण्याचे यंत्र भिंतीला लावून तपासणी करतात. आकडा वीस टक्क्यांच्या वर गेला की मालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

काही ठिकाणी भोके न पाडता ब्रॅकेट चिकटवतात. हे ऐकून हसू नका. गाडीच्या काचाही आजकाल चिकटवलेल्याच असतात. चांगला पॉलियुरेथेन गोंद भार मोठ्या पृष्ठभागावर पसरवतो, ही त्याची ताकद. पण त्याला घसरवणारा भार चालतो, एका कडेने सोलून काढणारा चालत नाही. आणि ऑनिंगचा भार सोलणाराच असतो. शिवाय गोंद रंगाला चिकटतो, रंग पत्र्याला. दोघांत जो कच्चा, तेवढीच ताकद. नुसत्या गोंदावर ऑनिंग टांगायला माझा विरोध आहे. बोल्टच्या जोडीला असेल तर स्वागत. लोहचुंबकाचे आणि रबरी चूषकाचे तर नावच नको. फायबरला आणि अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, एवढे विज्ञान आपण सहावी-सातवीत शिकलो आहोत.

भिंत झाली. आता जमीन. ऑनिंगचे पुढचे पाय जमिनीत खुंट्या ठोकून बांधले की मघाचे सगळे गणित बदलते. भार अर्धा पुढे जातो, अर्धा भिंतीकडे, आणि ती साडेबारा पटीची तरफ जवळजवळ नाहीशी होते. बोल्टवर हजारो रुपये खर्च करणारा माणूस खुंट्या ठोकायचा कंटाळा करतो, याला काय म्हणावे? पायांशिवाय, ऑनिंगच्या वरून आडवा जाऊन दोन्ही टोकांना जमिनीकडे तिरपा उतरणारा पट्टाही मिळतो. त्याच्या टोकाला स्प्रिंग असते, आणि ती शोभेची नाही. गाडी स्वतःच्या स्प्रिंगांवर उभी असते; आत कोणी चढले तरी ती डुलते. जमिनीतली खुंटी डुलत नाही. मध्ये कोणीतरी लवचीक हवा, नाहीतर प्रत्येक हेलकावा थेट भिंतीतल्या बोल्टवर बसेल.

आता माझा मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी एवढा वेळ घेतला. ताशी ७२ च्या वाऱ्यात पुढच्या दोन पायांवर मिळून सव्वाशे किलो येतात, प्रत्येकी साठाहून अधिक. ओल्या गवतातली खुंटी एवढे सोसेलच असे नाही. ती उपटली की त्या क्षणी पुन्हा सगळी तरफ भिंतीवर, आणि आता अडीचशे किलोची. म्हणजे एका मर्यादेपुढे काहीतरी तुटणारच. तुटायचे ते काय, हे मात्र आधी ठरवता येते. कापडाची शिवण उसवावी, फार तर हात वाकावा. भिंत फाटू नये. मी तर म्हणेन, ऑनिंग ही गाडीपेक्षा कच्चीच असली पाहिजे. अतिशय जाड हात, अतिशय जाड कापड आणि पातळ भिंत ही जोडी सर्वांत वाईट. मजबूत म्हणून विकली जाते ती बहुधा हीच.

यात तंबूवाले लोक अधिक शहाणे निघाले. गाडीच्या शेजारी स्वतंत्र उभा राहणारा तंबू मिळतो. गाडी फिरायला गेली तरी तो जागेवर राहतो. गाडीच्या बाजूला एक खाचेची पट्टी असते. तंबूच्या किनारीत शिवलेली दोरी आणि ती खाच यांच्यामध्ये लवचीक जोडपट्टी सरकवतात. दोरी बहुधा सहा मिलिमीटरची असते, ऑनिंगच्या पेटीवरची खाच पुष्कळदा चार मिलिमीटरची, म्हणून एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला सहा अशीही पट्टी मिळते. वारा फार झाला तर पट्टी निघून येऊ शकते. तंबू जातो, गाडी वाचते. खाचच नसेल तर छतावरून पट्टे टाकून पलीकडच्या बाजूला बांधतात. दिसायला गबाळे, पण भिंतीला एकही भोक नाही.

ऑनिंग मिटायची कधी? ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस बोफर्टने १८०५ च्या सुमारास वाऱ्याची जी श्रेणी मांडली, तिच्या आजच्या रूपात पाचव्या पायरीवर, ताशी २९ ते ३८ किलोमीटरला, पानांनी भरलेली लहान झाडे डोलू लागतात. माझ्या मते तिथे ऑनिंग आत घ्यावी. झोपताना आणि फिरायला जाताना वारा नसला तरी घ्यावी. पाऊस असेल तर एक पाय खाली करून कापडाला उतार द्यावा.

आता हे सगळे इथे कशाला? महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, आणि तेव्हापासून आपल्याकडेही लोक व्हॅनची घरे करून घेऊ लागले आहेत. आपल्याकडच्या बांधणीत फोमची भिंत क्वचितच असते. बसच्या धर्तीवर लोखंडी चौकोनी नळ्यांचा सांगाडा आणि वर पत्रा. ही खरे तर सोय आहे, कारण बोल्ट धरायला आत खरोखरच काहीतरी आहे. फक्त ते कुठे आहे हे कळले पाहिजे. बाहेरचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर लोहचुंबक फिरवा. मागे नळी असेल तिथे तो ओढ घेईल. रिव्हेटांची रांगही हेच सांगते. आणि गाडी अजून बांधली जात असेल तर त्याहून सोपे: आतले पॅनेल बसण्याआधी फॅब्रिकेटरला सांगून ऑनिंगच्या उंचीवर एक जाड पट्टी नळ्यांना वेल्ड करून घ्या, तिला नट वेल्ड करून घ्या, आणि मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा. पॅनेल बसल्यावर सांगाल तर तो म्हणेल, “होऊन जाईल साहेब,” आणि चार स्क्रू पत्र्यात मारून मोकळा होईल.