किडींचे घड्याळ आणि आपली फवारणी
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानावरून)



थंडी पडली, कपाशीच्या शेवटच्या वेचण्या सुरू झाल्या की हमखास प्रश्न येतो, "सर, बोंडात अळी आहे, आता कोणते औषध मारू?" मी "कोणतेच नको" म्हणतो, तेव्हा विचारणारा नाराज होतो. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात शेंदरी बोंडअळीने केलेले नुकसान पाहिल्यावर त्याची धास्ती मी समजू शकतो. पण ती अळी त्या वेळी झोपी जाण्याच्या तयारीत असते.

दिवस लहान आणि रात्री थंड होऊ लागल्या की पूर्ण वाढलेली अळी कोषावस्थेत न जाता सरकीचे दोन दाणे जोडून आत पडून राहते. हीच सुप्तावस्था. या काळात ती खात नाही, श्वासोच्छ्वास मंदावतो. फवारा सरकीच्या आत पोचत नाही आणि खाणे बंद असल्याने पोटविषही लागू पडत नाही. अशी ती कित्येक महिने राहते व पुढील हंगामात पतंग होऊन निघते. फवारणीचा तो खर्च वाचवून फरदड मोडा, शेळ्या-मेंढ्या शेतात सोडा, पऱ्हाट्या सरपणासाठी बांधावर रचू नका.

सुप्तावस्थेवर संप्रेरकांचा ताबा असतो. सुप्त क्युलेक्स डासांच्या माद्यांना तारुण्य-संप्रेरक लावले, तर त्यांची बीजांडे अवेळी वाढू लागतात. मग अळीलाही असेच उठवून मारू, असे कोणी म्हणेल. पण सरकीतल्या अळीपर्यंत ते पोचवणार कसे?

रसायनाने झोप-जागेचे चक्र बिघडते ते मात्र आपल्या मित्रकीटकांचे. ब्रिस्टल विद्यापीठाच्या २०२० सालच्या प्रयोगांत बंबलबी या केसाळ मधमाश्यांना शेतात आढळते तेवढ्या मात्रेत इमिडाक्लोप्रिड पाकातून दिले. माश्या मेल्या नाहीत, पण दिवसा जास्त झोपू लागल्या, रात्री हालचाल करू लागल्या आणि त्यांचे अन्न गोळा करणे घटले. फुले दिवसा उमलणार आणि माशी दिवसा झोपणार, मग परागीभवन कोण करील?

कांदा बीजोत्पादनाचा प्लॉट फुलोऱ्यात असताना म्हणूनच आंतरप्रवाही औषध टाळावे. ते मधुरसात उतरते, त्यामुळे संध्याकाळी फवारूनही माशी पुरती वाचत नाही. इतर औषध फवारणे भागच असेल, तर माश्या परतल्यावर फवारा, आणि शेजाऱ्याच्या मधुपेट्या असतील तर त्याला आदल्या दिवशीच निरोप धाडा.